दोन दिसत्यात, तर दोघांना धर

पंच्याण्णव साली सांगलीच्या कबड्डी स्पर्धेत मी वडूजच्या संघाचा कप्तान होतो. पकड करताना आमच्या हणमंताचं डोकं समोरच्या गड्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला आणि भलत्याच बाजूला चालू लागला. मी दंडाला धरून त्याला जागेवर आणलं.

"दादा, मला समदे दोन-दोन दिसत्यात," तो हळूच म्हणाला.

"मग दोघांनाबी धर की रं!" मी ओरडलो.

सगळा संघ हसला. हणमंतही हसला. न हसून सांगतो कुणाला? सामना सोडून बाहेर बसलेल्याला आमच्याकडं गावात परतल्यावर भर चौकात बांगड्या दाखवत. मी मैदानातली माती त्याच्या कपाळाला चोळली. त्यानं आणखी दोन पकडी केल्या. तिसरीत पडला, तो तीन दिवस शुद्धीवर आला नाही.

जगला. पण चार वर्षं झाली, त्याला ऊन सोसत नाही, आणि बोलताना मधेच शब्द सापडत नाहीत. माझं ते वाक्य मात्र वडूजमध्ये अजून सांगतात. "काय कप्तान हुता!" म्हणून मला चहा पाजतात, आणि मी हरामखोर तो पितो.

कारण दोन-दोन दिसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी कराडला मलाही दिसले होते. सामना संपवून मी मैदानामागं जाऊन ओकलो, तोंड धुतलं आणि हसत परत आलो.

हणमंतानं निदान सांगितलं तरी.