मघाची ती पोर

तिने माउस पुढे सरकवला आणि पडद्यावरची शेवटची जोडी वाचून दाखवली.

"एकच गाणं दोनदा आहे. एक फाइल मोठी, एक लहान."

"मोठी ठेव. लहान उडव," पलंगावरून तिचा नवरा म्हणाला.

मित्रमंडळी त्याला कानसेन म्हणत. आवाज ऐकला की गाणाऱ्याचं नाव तो तिसऱ्या सेकंदाला सांगे, आणि चुकत नसे. तीन दिवसांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजव्याने आधीच धूसर दिसे. आठ दिवस पडद्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकी याच आठवड्यात जुनी हार्ड डिस्क टकटक करू लागली. तिच्यात होती अडतीस वर्षांची जमवाजमव, कॅसेटींवरून आणि तबकड्यांवरून एकेक करून उतरवलेली. मुलीने आपल्याकडची रिकामी डिस्क पाठवून दिली, पण ती निघाली लहान. तेव्हा नको ते उडवायचं आणि उरलेलं नव्या डिस्कवर घ्यायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं, आणि ती सकाळी नऊपासून खुर्चीत बसली होती.

"दुबार संपल्या," ती म्हणाली. "तरी जागा कमीच पडतेय."

"मग माइकवाल्याचा फोल्डर काढ. त्यात गाळच जास्त असणार."

माइकवाला म्हणजे त्याचा जुना दोस्त. एका छोट्या सभागृहात तो आवाजाची व्यवस्था बघायचा. सभागृह बंद पडलं तेव्हा तिथल्या टेपांची पिशवीच त्याने कानसेनाला देऊन टाकली होती. दुकानातून त्या डिस्कवर उतरवून आणल्या, पण ऐकायच्या राहून गेल्या. फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते.

ती एकेक लावत गेली. तो डोळे मिटून ऐके आणि निकाल देई. हा ठेव. ही ठेव, पुढे मोठी झाली ही. हा बेसूर, उडव. एका गाणाऱ्याला तर त्याने नुसत्या खाकरण्यावरून ओळखलं आणि स्वतःवरच खूश होऊन हसला.

सत्तेचाळिसावी फाइल सुरू झाली. खुर्ची सरकली, कुणीतरी खोकलं, मग एका मुलीने श्वास घेतला.

त्या श्वासावरूनच तिने ओळखलं. माउसवरचा हात तिने मांडीवर घेतला.

मुलगी गाऊ लागली. तेवीस वर्षांची होती तेव्हा. त्याच सभागृहात दुपारचा कार्यक्रम, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या रांगेत एक उंच तरुण डोळे मिटून बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो आत आला आणि म्हणाला, तुमचा आवाज मी शंभरात ओळखेन. चार महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. मग ओट्यापाशी ती गुणगुणू लागली की बाहेरच्या खोलीतून आवाज येई, "सूर उतरतोय." कधी नुसताच, "हं." गाऊ नकोस असं तो कधीच म्हणाला नाही. दोन वर्षांत गुणगुणणंही आपोआप थांबलं.

"कोण असेल हो ही?" तिने विचारलं.

त्याने मान जराशी तिरकी केली. तीन सेकंद झाले. दहा झाले.

"कुणी नवशिकी. गळा बरा आहे, पण नुसता गळाच. वर जाताना कचरते बघ."

"पूर्ण ऐकायचं?"

"कशाला? शितावरून भाताची परीक्षा. अशा पोरी पुढे गात नाहीत, लग्नं करतात." तो उशीवर नीट टेकला. "उडव."

"उडवू ना?"

"अगं, किती वेळा विचारशील?"

तिने उडवली. पुढची लावली. त्या बाईला त्याने पहिल्या ओळीतच ओळखलं, पण नाव सांगताना त्याचं लक्ष नव्हतं. बोटं पलंगाच्या काठावर वाजत होती.

"मघाची ती पोर," तो म्हणाला, "पुन्हा लाव जरा."

"उडवली की."

"आवाज कुठेतरी ऐकलाय गं. माझा कान असा चुकत नाही." तो उठून बसला. "कचऱ्याच्या डब्यात असेल. तिथून परत आणता येतं, मुलीने दाखवलंय मला."

तिने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. डबा भरलेला दिसत होता.

"तो मघाशीच रिकामा केला," ती म्हणाली. "जागा हवी होती ना?"

तो मग पुन्हा आडवा झाला.

"जाऊ दे. फार काही नव्हतंच."

तिने डबा उघडला. सर्वांत वर तीच फाइल होती, साडेसहा मिनिटांची. उचलून स्वतःच्या फोनवर घ्यायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पलंगावर तो डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करत होता. कपाळावर आठी पडली होती. तिने डबा रिकामा करायचं बटण दाबलं. सगळं कायमचं काढून टाकायचं का, असं पडद्यावर आलं. तिने 'हो'वर क्लिक केलं.

स्पीकरमधून कागद चुरगाळल्यासारखा बारीक आवाज आला.

"हे काय वाजलं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "पुढची लावते."