धोंडूबाईच्या पायाखालचं पाणी

खारबावच्या केसरीनाथदादांच्या अंगणात, शेवग्याखाली उभी असलेली पांढरी गाडी ती मीच, मित्रांनो. पांढरी असं कागदावर लिहिलंय म्हणून म्हणायचं; गोदामांच्या रस्त्यावरच्या धुळीने माझा रंग केव्हाच चहासारखा करून टाकलाय. वय विचाराल तर अठरा. माणसांत हे वय उमेदीचं, गाड्यांत म्हातारपणाचं. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. चूक माझी होती आणि शिक्षा भोगली दुसऱ्याच कुणी.

कारखान्यात मला बनवलं तेव्हा माझ्या पोटात, डावीकडे बसणाऱ्याच्या पायांपाशी, एक हीटर बसवला. ही गाडी काश्मीरला जाईल की भिवंडीला, हे कारखान्याला काय ठाऊक! आली भिवंडीला. इथे मे महिन्यात माझ्या बोनेटवर पापड वाळतात, हीटर कोण लावणार? त्याचं बटण कुणी एकदाही फिरवलं नाही. पण बटण फिरो न फिरो, इंजिन थंड ठेवणारं पाणी रोज त्या हीटरमधून फेरी मारून यायचं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

माझे दिवस मात्र झोकात गेले. केसरीनाथदादांची आई धोंडूबाई म्हणजे आजूबाजूच्या गावांतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणायला तिलाच बोलावणं यायचं. तिला न्यायची-आणायची मी. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून पुढची डावी जागा तिची. चपला काढून अनवाणी पाय माझ्या मॅटवर ठेवायची, दातांना मशेरी लावायची आणि नव्या नवरीचं नाव धवल्यात घालून वाटभर म्हणून बघायची. मला तोंड असतं ना, तर मीही म्हटले असते. सगळे पाठ आहेत मला!

यंदा चैत्रात तो बिनकामाचा हीटर गंजून चिरला. त्यातून थेंब थेंब पाणी मॅटखाली झिरपू लागलं. बाहेर जमिनीवर मात्र एक थेंब नाही. इंजिन तापू लागलं. अंजूरफाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकलो की माझा काटा थेट लाल रेषेला टेकायचा. फाट्यावरच्या एका मिस्त्रीने रबरी पाइप बदलला, टोपण बदललं, हात झटकले. दादा रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतून मोकळे व्हायला लागले. मग कुणीतरी अक्कल शिकवली, रेडिएटरमध्ये हळद घाला, भोक बुजतं. दादांनी स्वयंपाकघरातून डबा आणून चार चमचे घातली. नवरीच्या आधी मलाच हळद लागली! भोक काही बुजलं नाही. झिरपणारं पाणी तेवढं पिवळं झालं.

आता बघा काय झालं ते. एका लग्नाहून परतल्यावर दादांना मॅट ओली लागली. पाणी कोमट, पिवळसर. तिथे बसलं कोण होतं? सत्तर वर्षांची आई. एसी दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला, त्यामुळे खिडक्या कायम उघड्या. माझ्या पाण्याचा वास वाऱ्यावर जायचा आणि उरलासुरला मशेरीत बुडायचा. सीट कोरडी ठणठणीत होती, पण तिला हात लावून कुणी बघितलंच नाही.

दादा वाईट माणूस नाहीत. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच वाईट झालं. मॅट साबणाने धुऊन कुंपणाच्या भिंतीवर वाळत टाकली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तिच्या सीटवर प्लास्टिक अंथरलेलं होतं. धोंडूबाईने प्लास्टिककडे बघितलं, मग लेकाकडे.

"पानी माजा न्हाय, केसऱ्या."

कुणी काही म्हणतंय का, बस तू, असं दादा हळूच म्हणाले. ती बसली. त्या दिवशी वाटेत धवला निघाला नाही. ती सारखी लुगडं मागून चाचपत होती. कोरडंच होतं ते, तरी पुन्हा चाचपायची. तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता, आणि मला तिच्या पायाखाली गळत राहण्यावाचून काही करता येत नव्हतं. अशी लाज मला उभ्या जन्मात वाटली नाही.

पुढच्याच आठवड्यात सूनबाईंनी, माधवीने, औषधाच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा घेतला आणि मागच्या सीटवर ठेवला. मोठ्या माणसांचे लंगोट होते ते. तिने काळजीपोटीच घेतले असतील. पण उतरताना पिशवी घ्यायला वळलेल्या धोंडूबाईचा हात नेमका त्या पुड्यावर पडला. कागद फाटला आणि आत काय आहे ते तिला दिसलं. त्यानंतर ती माझ्यात बसलीच नाही.

ओटीवर माझ्याकडे पाठ करून बसायची. लग्नाचं बोलावणं आलं की गळा बसलाय म्हणून सांगायची. दिघाशीला तिच्या बहिणीच्या नातीचं, दिपालीचं लग्न तोंडावर आलं होतं. धवले मीच म्हणणार, असा शब्द तिने दिपाली पाळण्यात असताना दिला होता. तिथेही नाही म्हणाली. ती ओटीवर कोंडलेली, मी अंगणात कोंडलेली, मध्ये दहा पावलं. खरं काय ते एकट्या मला ठाऊक. आणि माझ्याजवळ बोलायला होता एक काटा, त्याला "तापलंय" एवढंच म्हणता येतं. कुठे गळतंय ते सांगता येत नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी आहेराची भांडी घेऊन निघालो आणि अंजूरफाट्यालाच मी वाफ सोडली. दोरी बांधून मला नारपोलीला नेलं. तिथे दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट आणि मध्ये एका उस्तादाचं गॅरेज. हा उस्ताद घाई करणारा नव्हता. त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून हवा भरली. दाब उतरत होता. खाली निजून बघितलं तर सगळं कोरडं. मग त्याने माझं डावं दार उघडलं, गुडघा टेकला आणि त्याची पँट भिजली.

इथे पाणी कुणी सांडलं, असं त्याने विचारलं. दादा खालमानेने म्हणाले, तिथे आई बसते, वय झालंय तिचं. उस्तादाने विचारलं, "कब बैठी थीं?"

दादांनी बोटं मोजली. आठ दिवस झाले होते.

"फिर ये आज का गीला कैसे?" उस्तादाने ओलं बोट नाकाशी नेलं. "और इसमें हल्दी है. पानी अम्मा का नहीं, गाडी का है."

दादा मटकन तिथल्या टायरवर बसले. उस्तादाने हीटरचे दोन पाइप काढून एकमेकांना जोडले, म्हणजे पाणी हीटरमध्ये जाणंच बंद. तासाभराचं काम होतं.

घरी आल्यावर दादांनी ती पिवळी मॅट धुतली नाही. तशीच नेऊन आईपुढे ठेवली आणि म्हणाले, "आई, हळद मी घातली होती. पाणी गाडीचं होतं." माधवी दारातच उभी राहिली. धोंडूबाईने मॅट उचलून हुंगली.

"मी तवाच सांगलेलं," ती म्हणाली. लेकाने पाय धरले तेव्हा तिने ते मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती दिघाशीला आली. दिपालीच्या हळदीत असा आवाज लावला की मांडवाबाहेर माझ्या काचा थरथरल्या.

मित्रांनो, गाडीचं पाणी कमी होत असेल तर नुसतं ओतून मोकळे होऊ नका. ते कुठे जातंय ते शोधा, आणि घरातलं माणूस "माझं नाही" म्हणालं तर आधी त्याचं ऐका. माझं गळणं तासाभरात थांबलं. धोंडूबाई मात्र आजही बसण्याआधी वाकते आणि माझ्या कोरड्या मॅटवर हात फिरवून बघते.