खिडकी लावणारा हात

"रांगोळी बघून घर ओळखायला जाऊ नकोस, पुणेकरीण," असं लक्ष्मीदेवी अक्कांनी आसावरीला एकदा बजावलं होतं, आणि आसावरीने ते हसण्यावारी नेलं होतं.

आसावरीचा स्वभाव मुळात धास्तीचा. जे. पी. नगरात बिऱ्हाड थाटून तिला वर्ष झालं होतं. सुशांत सकाळी आठला कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा, आणि दिवसभर घरात ती आणि चौदा महिन्यांची शाल्मली. लेक झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा, गॅसचं बटण तीनदा चाचपायचं, मागच्या दाराची कडी लावून पुन्हा ओढून पाहायची. एवढं झालं की गॅलरीत येऊन शेजारच्या बैठ्या घराच्या हिरव्या फाटकाकडे एक नजर. सडा पडलाय, रांगोळी आहे. म्हणजे अक्का उठल्या, ठीक आहेत. मनातल्या यादीत तेवढ्यावर खूण व्हायची.

अक्का सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. चार पिढ्या बंगळुरातच गेलेलं मराठी कुटुंब. यजमानांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं, ते त्यांच्यामागे विकलं. मुलगा पवनकुमार देवनहळ्ळीला द्राक्षाचा मळा करायचा आणि रविवारी आईला भेटून जायचा. अक्कांची मराठी जुनी, घोटीव, आणि मधूनमधून तिच्यात कानडी शब्द खड्यासारखा लागायचा.

तर आसावरीने एकदा मोठ्या कौतुकाने त्यांना सांगितलं की मी रोज गॅलरीतून तुमची खबर घेते हं, रांगोळी दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. त्यावर अक्का ते रांगोळीचं वाक्य म्हणाल्या होत्या. वर आणखी म्हणाल्या, "आत कोण कसं आहे ते फाटकाला काय कळतं? बेल दाब, आत ये, स्वल्प कॉफी घे. मग कळेल." आसावरीला वाटलं, म्हातारीला सोबत हवी आहे, म्हणून हा कॉफीचा आग्रह. लहान पोर पदरात असताना इतका वेळ कुणाला असतो. ती हसली, आणि गॅलरीतून खबर घेणं चालू राहिलं.

मंगळवारी रात्री 'निशान बाकी' नावाची हिंदी गुन्हेकथांची मालिका लागायची. सुशांत पहिल्या जाहिरातीलाच घोरायला लागायचा. आसावरी मात्र शेवटची अक्षरं वर सरकेपर्यंत बसायची आणि मग अर्धा तास कड्या तपासत फिरायची. असं असूनही मालिका सोडवत नसे. संख्याशास्त्रात बी. एस्सी. केलेलं डोकं घरात नुसतंच गंजत होतं. निदान इन्स्पेक्टरच्या चुका काढायला तरी ते कामी येत होतं. पुण्याच्या एका साप्ताहिकात प्रेक्षकांच्या पत्रांचं पान असे. आसावरीने तिथे दोनदा मत पाठवलं होतं. एक छापून आलं, तेही निम्मं कापून.

त्या मंगळवारचा भाग तिला अजिबात पटला नाही. एक निवृत्त पोस्टमास्तर. भाचा त्याला कॉफीतून विष देतो. प्रेत चार दिवस घरात पडून राहतं, दाराशी वर्तमानपत्रांचा ढीग साचतो, दुधाच्या पिशव्या नासतात आणि शेजारपाजाऱ्यांना पत्ता नाही. मग इन्स्पेक्टर येतो, कपबशी उलटी करून बघतो आणि पंचवीस मिनिटांत भाच्याला पकडतो.

बुधवारी दुपारी लेक झोपल्यावर आसावरी खिडकीशी टेबल ओढून पत्र लिहायला बसली. कपबशीचा मुद्दा तिने चार ओळींत निकालात काढला: चार दिवसांनी कॉफीचा डाग वाळून कडक होतो, त्याचा वास कसला येणार. खरा राग शेजाऱ्यांवर होता. तिने लिहिलं की लेखकमहाशयांनी गल्लीतल्या बायका कधी पाहिलेल्याच दिसत नाहीत. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची धुणी दोन दिवस दोरीवरच राहिली, हे आम्हाला न सांगता कळतं. आमच्या शेजारी एक वयस्क बाई एकट्या राहतात. त्यांच्या फाटकापुढची रांगोळी पाहून मी सकाळी सातला छातीठोकपणे सांगू शकते की त्या सुखरूप आहेत. आमच्या गल्लीत काही घडावं आणि ते नजरेतून सुटावं, हे केवळ अशक्य.

'केवळ अशक्य' या शब्दांखाली ती रेघ मारत होती, तेवढ्यात बाहेर कुठेतरी थाळी बडवल्याचा आवाज यायला लागला. ठण, ठण, ठण. मग थांबून पुन्हा ठण, ठण. भांडेवाला असेल, नाहीतर कुणाची तरी पोरं. झोपेत शाल्मलीने कूस बदलली, ओठ वाकडे केले. आसावरीने हात लांबवून खिडकी लावून घेतली, वरची खिटी सरकवली, आणि राहिलेली रेघ पुरी केली.

गुरुवारी शाल्मली साडेपाचलाच उठून बसली आणि घर डोक्यावर घेतलं. बापाची झोप मोडू नये म्हणून आसावरी तिला कडेवर घेऊन खाली रस्त्यावर आली. इतक्या पहाटे ती कधी खाली उतरली नव्हती. पाहते तो अक्कांच्या फाटकापुढे चौडम्मा ओणवी. ही बाई गल्लीतल्या बऱ्याच घरची धुणीभांडी करायची हे आसावरीला माहीत होतं. आता तिच्या डाव्या हातात पिठीचा डबा होता, आणि चिमटीतून ठिपके असे पडत होते की जणू शिवणयंत्रच चाललंय. रांगोळी झाली तशी ती उठली, पुढच्या फाटकाशी गेली, सडा टाकला आणि तिथेही ओणवी झाली. मागे वळून पाहिलं तर अलीकडची तीन फाटकंही सजवून झालेली.

आसावरी जागच्या जागी उभी राहिली. पुण्यात तिची आई दारापुढे स्वतः रांगोळी काढायची, आत्या काढायची, शेजारच्या काकू काढायच्या. आपल्या दारची रांगोळी दुसऱ्याने काढायची असते, हे तिच्या गावीही नव्हतं. इथे तर ती बाहेरच्या कामात धरलेली होती. फाटक न उघडता, घरातल्या माणसाचं तोंड न पाहता उरकायची.

तिने मोडक्यातोडक्या कानडीत विचारलं, अक्का उठल्या का? चौडम्माने खांदे उडवले आणि कानडी, हिंदी, हातवारे मिळून जे सांगितलं त्याचा अर्थ इतकाच होता: आपण अक्कांना मंगळवारपासून पाहिलेलं नाही. काल मागच्या ओट्यावर भांडीच नव्हती. देवनहळ्ळीला मुलाकडे गेल्या असतील. "कुलूप?" आसावरीने विचारलं. दोघींनी एकदमच फाटकाकडे पाहिलं. बाहेर जाताना अक्का फाटकाला पितळी कुलूप लावायच्या. आज फाटकाला नुसती कडी होती.

मग आसावरीने बेल दाबली. दाबली, पुन्हा दाबली, दारावर मूठ आपटली. शाल्मलीला हा खेळ वाटून तीही दारावर थापा मारायला लागली. आतून काही नाही. आसावरीच्या डोळ्यांपुढून पोस्टमास्तर, दुधाच्या पिशव्या, कपबशी असं सगळं सरकून गेलं, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आली, खाली रेघ मारलेली. ती चौडम्मामागून घराच्या बगलेने धावली. मागे नुसता रिकामा प्लॉट, कमरेइतकं गवत. स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून काहीतरी खरवडलं, आणि आवाज आला:

"कोण आहे? दूधवाला असशील तर आज अर्धाच लिटर दे."

आसावरीला हसू आणि रडू एकाच वेळी आलं. गजांमधून पाहिलं तर अक्का जमिनीवर, पाठीशी तांदळाचं पोतं, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, शेजारी पाण्याचा तांब्या आणि पोचे आलेली स्टीलची थाळी. उजवा पाय घोट्यापाशी सुजून मुसळ झाला होता. मंगळवारी मालिका संपल्यावर दूध विरजायला त्या आत आल्या आणि पाय मुरगळून बसल्या, त्या बसल्याच. स्टूल पुढे ढकलत न्हाणीपर्यंत जाता येत होतं, पण फोन पुढच्या खोलीत होता आणि मध्ये दोन पायऱ्या. मागच्या दाराची कडी उंचावर. पुढच्या दाराची किल्ली मात्र फडताळाच्या खिळ्याला होती. ती त्यांनी उलथन्याने पाडून केव्हाच हाताशी घेऊन ठेवली होती. घ्यायला कुणी येईल तर ना.

किल्ली गजांतून बाहेर आली, पुढचं दार उघडलं. चौडम्माने अक्कांना बगलेत धरून पलंगावर आणलं, आसावरीने सुशांतला हाका मारून उठवलं, तो बनियनवरच रिक्षा आणायला पळाला. शाल्मलीने तेवढ्यात लाडवांचा डबा ताब्यात घेतला.

अक्का कण्हत नव्हत्या. आसावरीकडे टक लावून बघत होत्या.

"काल दुपारी साडेतीनच्या सुमाराला," त्या पोलिसी जबानी द्यावी तशा म्हणाल्या, "मी थाळी बडवत होते, तर तुमच्या वरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. घड्याळ होतं मनगटाला. खिडकी लावून घेतली, वरची खिटीसुद्धा. मी म्हटलं, सरी, असू दे, पुणेकरणीची झोपायची वेळ झाली असेल."

"अक्का, मी झोपले नव्हते."

"मग काय करत होतीस?"

आसावरीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही सुखरूप आहात असं लिहीत होते."

अक्कांचं पोट हलायला लागलं. सुजलेला पाय दुखत असतानाही त्या इतक्या हसल्या की चौडम्माने घाबरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, त्या भाच्यावर तुला पहिल्यापासून संशय आला होता का, आपल्याला तर तो साखर किती म्हणून विचारतो तिथेच आला. मामाला साखर किती लागते हे ज्याला माहीत नाही तो भाचा कसला. हा मुद्दा आसावरीला सुचलाच नव्हता. रिक्षा येईपर्यंत दोघींनी त्या इन्स्पेक्टरची पार सालटी काढली.

घोट्याचं हाड पिचलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. संध्याकाळी पवनकुमार धावत आला आणि आईला देवनहळ्ळीला न्यायचंच म्हणून बसला. अक्का म्हणाल्या, तुझ्याकडे केबल नाही. तो म्हणाला, आणतो. त्या म्हणाल्या, आण, मग बघू. आणि इथेच राहिल्या. चौडम्माने रोज आत येऊन स्वयंपाक करायचा असं ठरलं. आसावरी दुपारची लेकीला घेऊन त्यांच्याकडे जायला लागली. कॉफी व्हायची, गप्पा व्हायच्या, शाल्मली प्लास्टरवर खडूने रेघोट्या ओढायची. त्या घरातून गल्ली अगदी निराळी दिसत होती. गॅलरीतून माणसांची डोकी तेवढी दिसायची. इथून त्यांचे चेहरे दिसत.

पण धास्तीचा स्वभाव असा जात नाही. दिवाळीला आसावरीच्या घरची मंडळी तीन आठवडे पुण्याला जाणार होती, तिकिटंही काढून झाली होती. चौडम्मालाही तेव्हाच गावी जायचं होतं, तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं. पवनकुमार रविवारी यायचा, पण आठवड्याला सात वार असतात आणि त्यातल्या सहांना अक्कांकडे कुणी नव्हतं. अक्कांना विचारलं तर त्या म्हणायच्या, मला काय झालंय. हे वाक्य त्या प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून म्हणायच्या.

शेवटी आसावरीने जुनं पत्र फाडलं आणि नवं लिहायला घेतलं. खिडकी उघडी ठेवून. कपबशीचा मुद्दा कायम ठेवला, साखरेचा अक्कांच्या नावाने जोडला. शेजाऱ्यांबद्दल मात्र लिहिलं की लेखकाचं बरोबर होतं, माझं चुकलं. चार दिवस काय, लक्ष ठेवणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत सगळं नीटनेटकं दिसत राहतं. संपादक हे कापतील याची तिला खात्री होती. म्हणून शेवटचा भाग तिने वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिहिला आणि समासात विनंती केली की जागा कमी पडली तर मालिकेवरचं मत सगळं गाळा, एवढं राहू द्या:

"आपलं साप्ताहिक बंगळूरच्या मराठी मंडळींत हातोहात फिरतं, हे मला माहीत आहे. वाचकहो, आपल्यापैकी कुणी जे. पी. नगरच्या बाजूला राहत असाल, तर दिवाळीच्या तीन आठवड्यांत, आम्ही पुण्याला असताना, एकदा लक्ष्मीदेवी अक्कांकडे जाऊन या. बागेसमोरचा रस्ता, हिरवं फाटक, कुणालाही विचारा. बेल दाबल्यावर दार उघडायला त्यांना वेळ लागतो, तेवढं थांबा. मी बरी आहे असं त्या दारातूनच सांगतील, ते ऐकून परत फिरू नका. आत जा, कॉफी मागा, त्यांचा पाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि मला पुण्याला, या साप्ताहिकाच्या पत्त्यावर, एक कार्ड टाका."