नव्या आगीच्या आधी

पोस्किताचा, म्हणजे नव्या मक्याचा सण आला की अमेरिकेच्या रानातल्या क्रीक लोकांच्या गावात प्रत्येक बाई आपली चूल आपल्या हाताने विझवते. सिनाहोयानेही विझवली. निखारे चर्र करून काळे झाले. तिने राख टोपलीत भरली, धुरकटलेली मडकी फोडली, अंगण झाडून लख्ख केलं. आता चौकात लाकडावर लाकूड घासून नवी आग काढतील, ती घरोघर जाईल, आणि तिच्या उजेडात वर्षभराचे सगळे अपराध माफ होतील. खून तेवढा सोडून. आग पेटल्यावर मागचं कुणी उकरायचं नाही. उकरील तोच दोषी.

सिनाहोयाच्या पोटात एक गोष्ट होती. ती काही झाडूने निघेना.

"काय गं," कुंपणापलीकडून हेप्सामावशी म्हणाली, "तुझा वकील आज राख टाकायला नाही आला? एरवी बायकांच्या ओळीत बसून मका खुरपतो. म्हटलं, यंदा घागरही घेईल कमरेवर."

"घेईलसुद्धा. तुझ्या म्हाताऱ्याला पाठव शिकायला."

मावशी खळखळून हसली. सिनाहोया हसली नाही.

जोसाया प्रुएट हा गोऱ्या सरकारचा वकील, बोलणी करायला पाठवलेला माणूस. सलोख्याची खूण म्हणून पांढरा पंख हातात धरून तो नदीकाठच्या या गावात आला आणि तिच्या घरात राहिला. घर तिचं, शेत तिचं, चूलही तिची. क्रीकांत नवराच बायकोच्या दारी येतो. तो त्यांची भाषा शिकला, सोफकी, म्हणजे मक्याची आंबूस पेज, मिटक्या मारत प्यायला शिकला. थट्टा झाली की सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. त्या हसण्यावरच ती भुलली होती.

वसंतात त्याने पंचांपुढे रानातून वाट मागितली. टपाल नेणाऱ्या स्वारापुरती, म्हणाला, एका घोड्याच्या रुंदीची. मिक्को, म्हणजे गावचा मुखिया, हा सिनाहोयाचा सख्खा मामा, फुस यहोला. त्याने ऐकून घेतलं, पंचांच्या बैठकीचा काळा काढा प्यायला, आणि त्या दिवशी उत्तर दिलं नाही. तो भाचीच्या दाराशी येऊन बसला. सोफकी प्यायला, ओठ पुसले.

"माणूस पंचांपुढे एक असतो आणि चुलीपुढे एक. तुझ्या चुलीपुढे तो बसतो. सांग पोरी, त्याची जीभ सरळ आहे का?"

मक्याच्या माळ्यावर कातड्यांखाली दडवलेली लोखंडी साखळी तिने आदल्याच दिवशी पाहिली होती. गाडीरस्ते मापायची साखळी. तिने विचारलं तेव्हा प्रुएटने तिचे हात धरले होते. "वाट मिळाली नाही तर सरकार मला परत बोलावील. मग तू इथे आणि मी डोंगरांपलीकडे. तुला तसं हवंय?"

तिला तसं नको होतं.

"सरळ आहे, मामा," ती म्हणाली.

मामा तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग उठला आणि वाट देऊन आला.

मका कमरेला लागेपर्यंत गोऱ्यांच्या कुऱ्हाडी आल्या. मागून गाड्या आल्या, दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद पट्टी रानातून फाटत गेली. ओढ्यापलीकडच्या जुन्या गावठाणावरूनच गेली. तिथे सिनाहोयाच्या आजीचं घर होतं. क्रीक आपलं माणूस घराच्या जमिनीतच पुरतात, त्याच्या नेहमीच्या निजायच्या जागेखाली. घर पडलं तरी आजी तिथेच होती. आता तिच्या अंगावरून चाकं जात होती.

गाव संतापाने पेटलं. तरुण पोरं कुऱ्हाडी परजू लागली. फुस यहोला एवढंच म्हणाला, "पोस्किता होऊ द्या."

मका कुटायला बसली की सिनाहोयाच्या ओठांवर आपोआप ओळी येत:

*कुटिते मी मका, आजी गं, दाणा फुटे,*
*तुझ्या उशापाशी, चाकाचा नाद उठे.*
*कुटिते मी मका, आजी गं, पीठ झालं,*
*नातीच्या शब्दानं, तुझं गं घर गेलं.*

दुसरी ओवी ती कधी मोठ्याने म्हणत नसे.

राख टाकून ती घरात आली तेव्हा विझलेल्या चुलीपाशी प्रुएट जोडे पुसत होता. "तोंड का पाडलंयस? उद्या आग पेटली की सगळं धुऊन जाईल. तुमचाच कायदा. मला तर फार आवडतो तो."

"म्हणून घाई केलीस? सणाच्या आधी झाडं तोडायची?"

त्याने मान वर केली नाही. "सणानंतर तोडली असती तर वर्षभर वैर राहिलं असतं, रक्त सांडलं असतं. असं कुणाचंच वाईट झालं नाही. हेच तर माझं काम, सिना."

तो खोटं बोलत नव्हता. ते तिला फार लागलं. तिच्या माणसांची क्षमाही त्याने साखळीने मापून घेतली होती.

ती तशीच चौकाकडे निघाली. आत पुरुष उपासाला बसले होते. त्या दिवसांत बाईने तिथे पाऊल टाकायचं नसतं, त्यांच्या जवळही जायचं नसतं. ती फांद्यांच्या आडोशाबाहेर उभी राहिली. "मामा."

फुस यहोला आडोशापर्यंत आला. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "बोल. आग अजून पेटायची आहे."

"साखळी मी पाहिली होती. तू विचारलंस त्याच्या आदल्या दिवशी."

त्याने आडोशाची कललेली फांदी सरळ केली.

"मला शिक्षा कर. आग पेटायच्या आत कर. नंतर तुला बोलता यायचं नाही."

"तुला करू? मग मला कोण करणार?" त्याचा आवाज खाली गेला. "तू सरळ म्हणालीस तेव्हा तुझी नजर सोफकीच्या मडक्यात होती. लहानपणापासून खोटं बोललीस की तू मडक्यात बघतेस. मला दिसलं होतं. पण मला तुझं घर मोडायचं नव्हतं. म्हटलं, पोरगी सुखात आहे, एक वाट गेली तर गेली." त्याने ओढ्याच्या दिशेला मान वळवली. "ती माझी आई होती, पोरी."

त्यानंतर तो आत गेला, नव्या आगीसाठी चारी दिशांना ठेवलेल्या ओंडक्यांपाशी.

दुसऱ्या दिवशी आग निघाली. बायकांनी पायांना कासवाच्या पाठीची खुळखुळी बांधून फेर धरला. हेप्सामावशीने सिनाहोयाचा हात धरून तिला ओढून घेतलं. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं होतं.

चौकाबाहेर ठेवलेला निखारा मडक्यात घेऊन ती घरी आली. चुलीत घालण्याआधी तिने प्रुएटचं खोगीर बाहेर नेऊन ठेवलं. जोडे ठेवले. साखळी ओढत आणली. सगळ्यांत शेवटी पांढरा पंख.

प्रुएट अंगणात येऊन थबकला. "हे काय? आग सगळं धुते ना?"

"धुते. म्हणून तर भांडत नाही. पोस्किताला लग्नाची गाठ सोडायची असली तर बाई सोडू शकते. हाही आमचाच कायदा."

"माझ्यावर राग आहे?"

"नाही. मागचं उकरायचं नसतं."

तो हसायला गेला. हसू आलं नाही. त्याने खोगीर उचललं. तिला वाटलं, धावत जाऊन पंख तरी परत आत घ्यावा. ती दाराला धरून उभी राहिली.

तो दिसेनासा झाल्यावर तिने चूल पेटवली. उरलेला निखारा मडक्यात तसाच घेऊन ती ओढा उतरली. गाडीरस्त्यावर, जिथे आजीच्या उशाकडच्या खांबाचं भोक अजून कळत होतं, तिथे चाकोरीत बसून तिने काटक्या रचल्या. आग मोठी झाली नाही. धूर सरळ वर गेला.

गावाने तिला माफ केलं होतं. मामाने केलं, आगीने केलं. मेलेल्या माणसावर चाक घालणं खुनात मोडतं का, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. ज्यांना ठाऊक असतं ते आज बोलणार नव्हते, आणि जिला विचारायला हवं होतं ती जमिनीखाली होती.

लांबून गाडीच्या आखाची कुरकुर येऊ लागली. सिनाहोयाने मडकं बाजूला ठेवलं, आणि ती उठली नाही.