दाखवले

दोन सुरांची शिट्टी. पहिला सूर वर चढणारा, दुसरा खाली घसरणारा.

काचेवरच्या ‘दा’चा काना जरा तिरका आहे.

जीभ दिवसभर एकाच जागी जाते. तुटक्या दाढेपाशी.

एका कार्डावर निळ्या शाईत, एकाच हस्ताक्षरात, पाच वेळा एकच शब्द.

चार वाजता फरशीवर उलटी अक्षरं येतात.

*

अक्षरांचं आधी सांगायला हवं. दातांच्या दवाखान्याच्या मोठ्या खिडकीवर एक ओळ रंगवली आहे : दर सहा महिन्यांनी दात दाखवा. रस्त्यावरून सुलटी, आतून उलटी. ऊन तिरपं झालं की तिची सावली बाकांखालून सरकत फोनवालीच्या टेबलापर्यंत येते. फोनवाली पाय वर घेते. दोन वर्षं झाली, तिने त्या अक्षरांवर पाय ठेवलेला नाही.

ओळ तिच्या दादाने रंगवलेली. पाट्या रंगवणं हाच त्याचा धंदा. एक ब्रश हातात, दुसरा दातांत आडवा धरलेला. त्या दिवशी शिडीवरूनच त्याने काचेवर टकटक केलं, ब्रश काढला आणि बत्तिशी दाखवली.

“घे, दाखवले!”

“आत येऊन दाखव, माकडा.”

“आत कशाला? इथून काय कमी दिसतात?”

ती हसली. हसता हसता तिने दादाच्या कार्डावर लिहिलं : दाखवले.

आता कार्डांच्या डब्याची रीत अशी, की ज्या कार्डावर ‘दाखवले’ पडलं ते सगळ्यात मागे जातं आणि सहा महिने पुढे येत नाही. ज्यावर पडलं नाही, त्याला फोन जातो. दादाला कधीच फोन गेला नाही. दर सहा महिन्यांनी तो कुठे ना कुठे, जिन्यात, जेवणाच्या ताटावर, दात विचकायचा. आणि ती दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तोच शब्द लिहायची. बहीणभावांची मस्करी. पाच वेळा.

मग तो म्हणाला, जीभ चावली गेली गं, बरी होत नाहीये. तुटकी दाढ तिथेच घासते. त्या दिवशी तिने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी जीभ कापडात धरून बाजूला ओढली आणि दिवा आणखी जवळ घेतला. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिताना त्यांनी कार्ड चाळलं. “पाच वेळा आलेत ना हे? मला कसे आठवत नाहीत?”

तिने उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

इस्पितळात त्याची अर्धी जीभ गेली. शिट्टी गेली. रस्त्यावरून दोन सूर मारून तिला खिडकीशी बोलवायचा, तीच. आठ महिन्यांनी तोही गेला. तेव्हापासून चारच्या सुमाराला आत कुणाच्या तोंडातली लाळ ओढायची नळी चालू झाली, की शेवटच्या थेंबाला ती शिट्टी मारते. एक सूर वर, एक खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळी जुनी झाली. बदलली. नवीही तशीच वाजते.

आता ब्रश भाचीच्या, दादाच्या लेकीच्या, हातात आहेत. एक हातात, एक दातांत. परवा ती बाजारात एका दुकानासमोर शिडीवर होती. “आत्या, उजवीकडची दाढ टोचते गं,” म्हणाली.

“ये दाखवायला.”

भाचीने ब्रश काढला आणि दात विचकले. “हे घे. दाखवले!”

हुबेहूब तसेच. फोनवालीच्या हातातली पिशवी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी तिने भाचीचं कोरं कार्ड डब्याच्या पुढे आणलं आणि फोन लावला. “नमस्कार, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. आपली तपासणी राहिली आहे. आज चार वाजता जमेल?”

“आत्या? ‘आपली’ काय? बरी आहेस ना?”

“आत्या नाही. दवाखाना. जमेल का?”

“अगं, काम अर्धं—”

“माझ्याकडे चारची वेळ आहे.” तिचा आवाज फाटला. “तू नाही आलीस तर मी इथे बसून काय लिहू?”

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज.

चार वाजले. अक्षरं टेबलापाशी आली. तिने पाय वर घेतले. आत नळी बंद होती, खुर्ची रिकामी होती. आणि शिट्टी वाजली. एक सूर वर, एक खाली.

ती तशीच बसून राहिली. शिट्टी पुन्हा वाजली, खालून, रस्त्यावरून. “आत्या, खिडकीत ये की! शिडी कुठे ठेवू?”

ती उठली आणि अक्षरांवरून चालत खिडकीशी गेली.

डॉक्टरीणबाईंनी भाचीची जीभ कापडात धरली, डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली. फोनवाली दारात उभी. दिवा होता तिथेच राहिला.

“जीभ स्वच्छ आहे. दाढेचा कोपरा उडालाय, तो घासून देते. आणि दातांवर थर किती साठवलाय, बाई! रंगाचे हात चढवतेस का?”

तासाभराने फोनवालीने कार्ड लिहिलं. तो शब्द तिने लिहिला नाही. लिहिलं : जीभ दोन्ही बाजूंनी पाहिली. उजवी खालची दाढ घासली. दात साफ केले. मी दारात होते.

दादा शिडीवर होता त्या दिवशीही चारची वेळ रिकामीच होती.