काकाची ड्युटी

धम्मदीपकाकाने कमरेचा पट्टा काढला, त्याची गोल गुंडाळी केली आणि प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये घड्याळाशेजारी ठेवली. मग पोलिसाने घ्यावी तशी त्याने स्वतःच स्वतःची झडती घेतली. खिसे, कॉलर, बाह्या.

“लोखंड खतम,” तो म्हणाला.

“दातात चांदी?” मोनालीने विचारलं.

“काल आ करून दाखवलं ना तुले. आता पोट फाडून पाहतं का वं?”

बाकावर बसलेले बाबा खो खो हसले. ते रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या रोलिंग मिलमध्ये फोरमन. आयुष्यभर लोखंडाच्या चुऱ्यात उभे राहिलेले, म्हणून एमआरआयच्या आधी त्यांच्या डोळ्यांचा वेगळा एक्स-रे काढावा लागला होता. डोळ्यात बारीकसा जरी कण अडकलेला असला, तरी ते प्रचंड चुंबक त्याला जागचा हलवू शकतं. बाबांचे डोळे साफ निघाले. तेव्हापासून, आपण परीक्षा पास झालो, आता जे काही आहे ते धम्मदीपचं, अशा थाटात ते वावरत होते.

खरं तर हा सगळा खटाटोप मोनालीचा. ती अकरावीत, बायोलॉजीवाली. संशोधन करणाऱ्या डॉक्टर निवेदिता मॅडम शाळेत मेंदूवर बोलायला आल्या, आणि तो तास म्हणजे मोनालीच्या आयुष्यातला सर्वांत भारी तास ठरला. पडद्यावर मेंदूतले रस्ते रंगीत धाग्यांसारखे पसरलेले! मॅडम सांगत होत्या, आम्ही भावाभावांच्या, बहिणीबहिणींच्या जोड्या तपासतो. एकाला स्किझोफ्रेनिया आहे, दुसऱ्याला नाही. आईबाप तेच, घर तेच, ताटातला भातही तोच. मग फरक कुठे पडला? मोनालीचा हात वर गेला.

“मॅम, मेरे चाचा को स्किज़ोफ्रेनिया है. चाचा और पापा चलेंगे?”

घरी या आजाराला ‘तब्येत’ म्हणत. त्या दिवशी तिने त्याचं खरं नाव माइकवर घेतलं आणि छत काही कोसळलं नाही.

मॅडमनी घरी येऊन सगळं सरळ सांगितलं. मेंदूच्या या फोटोने धम्मदीपचा आजार बरा होणार नाही. एकट्याच्या फोटोवरून तर फारसं काही कळतही नाही. शेकडो जोड्यांचे फोटो एकमेकांशेजारी ठेवले, की कुठेतरी काहीतरी दिसायला लागतं. मोनालीला वाटलं, संपलं, आता काका नाही म्हणणार. पण काका पुढे सरकून बसला.

“म्हणजे मी शेकड्यातला एक?”

“हाँ भैया.”

“मग लिहा नाव.”

मिलमधली इलेक्ट्रिशियनची नोकरी सुटल्यापासून त्याला कुणी कशात धरलं नव्हतं. आज सकाळी त्याने शर्टाला कडक इस्त्री केली आणि चहा पिताना मोनालीच्या आईला सांगितलं, “माही ड्युटी आहे आज.”

महिनाभर मोनालीने त्याची अरुंद, आवाजी मशीनमध्ये न हलता पडून राहायची तालीम घेतली होती. दिवाणाखाली झोपवायचं, डोकं दोन उशांमध्ये बसवायचं आणि वर मिक्सर चालू करायचा. शेजारच्या पूर्णिमाकाकू शेवटी दारात येऊन विचारून गेल्या, “काहून वं पोट्टे, लग्न आहे का घरी? रोजची एवढी चटणी कोण खाते?”

दवाखान्याचे कपडे घालून काका आत गेला. काचेआडच्या खोलीतून मोनाली पाहत होती. डोक्यावर पिंजऱ्यासारखी जाळी बसवली, हातात रबरी फुगा दिला. भीती वाटली तर दाबायचा. पाट सरकत सरकत पांढऱ्या बोगद्यात गेला आणि मशीनने सुरुवात केली. आधी टकटक, मग घरघर, मग कुणी पत्र्याच्या छपरावर लोखंडी सळ्या ओतत असावं तसा आवाज. संगणकाच्या पडद्यावर एक रेघ पुढे सरकत होती. डोकं हललं की ती रेघ उडते, मॅडमनी दाखवलं होतं. काकाची रेघ सपाट होती. ताटातल्या पाण्यासारखी.

“अरे वा,” मॅडम पुटपुटल्या. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि पुन्हा पाहिलं. “इतना स्टिल तो मेरे स्टूडेंट नहीं रहते.”

मोनालीला वाटलं, धावत जावं आणि सगळ्या रायपूरला ओरडून सांगावं.

मग बाबांची पाळी आली.

“प्लांटात याच्यापेक्षा डबल आवाज असते,” बाबा पाटावर पडता पडता म्हणाले. “मी तर झोपतोच आता. घोरलो तर उठवजा.”

आवाज सुरू झाला आणि रेघ उडाली. खाली आली, पुन्हा उडाली. मग भोंगा वाजला. बाबांनी फुगा दाबला होता.

“पाठीत काहीतरी टोचून राहिलं,” बाहेर येऊन ते म्हणाले. काहीच टोचत नव्हतं. मॅडमनी गादी बदलली, पुन्हा आत घेतलं. या खेपेला फुगा लवकर दाबला गेला.

“मशीन खराब आहे यांची,” बाबा मोनालीला म्हणाले. कपाळावर घाम होता. त्या खोलीत एवढा एसी, की मोनालीने ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घेतली होती.

मॅडमनी तिला बाजूला बोलावलं. “देखो बेटा, जबरदस्ती नहीं है. पापा मना कर सकते हैं.”

“फिर चाचा का?”

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. “जोड़ी की स्टडी है. एक का नहीं आया, तो दूसरे का भी हटाना पड़ता है.”

काचेपलीकडे काका बाकावर बसला होता, अजून दवाखान्याच्याच कपड्यांत. दार उघडं होतं, त्यामुळे त्याने ऐकलं असणार.  त्याने ट्रेमधला पट्टा उचलला, गुंडाळी उलगडली, पुन्हा गुंडाळली आणि परत ट्रेमध्ये ठेवली.

 महिनाभर सगळ्यांनी काकाला तयार केलं होतं. धडधाकट म्हणून जो भाऊ नेमला होता, त्याला तयार करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही! ती बाबांजवळ गेली.

“बाबा, एकदा अजून. प्लीज. तुम्ही एवढ्या मशिनी चालवता.”

“तिथं मले माहीत असते ना वं, कोणता आवाज कोणत्या मशीनचा,” बाबा एकदम चिडून म्हणाले. मग आवाज खाली आला. “कोण काहून ओरडून राहिलं, ते माहीत असते. आणि बंद करायचं बटण माह्या हातात असते. इथं...” ते थांबले. “इथं कोणी सांगतच नाही, केव्हा थांबन.”

“हव,” काका बाकावरून म्हणाला. “सांगत नाही.”

बाबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

काका उठला आणि मॅडमसमोर उभा राहिला. “मैडम, मैं अंदर खड़ा रहूँ क्या? लोहा तो है नहीं मेरे पास.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. बाहेर दुसरे पेशंट ताटकळले होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी काकाची पुन्हा एकदा तपासणी केली, कानात घालायचे बोळे दिले. पायाला नुसता हात लावायचा, हलवायचं नाही, एवढं बजावलं.

खोलीतला माइक चालू होता. काचेआडून मोनालीला काकाचा आवाज स्पष्ट ऐकू आला. हा त्याचा नेहमीचा, अर्ध्या वाक्यात विरून जाणारा आवाज नव्हता. नव्या पोऱ्याला काम शिकवणाऱ्या उस्तादाचा होता.

“दादा, डोये मिट. आता आवाज येईन. त्याच्याशी भांडू नको. भांडला का तो वाढते.”

“मग करू काय?”

“काही नाही. येऊ दे. तो दारातून येते, तू आपल्या खाटेवर बसून राह्य. हाकलाले पण नको उठू. केव्हा थांबन, हे तर बिलकूल नको पाहू.”

“अन् नाहीच थांबला तं?”

काकाने हातातले बोळे बोटांत फिरवले.

“नाही थांबला तरी श्वास आपलाच असते, दादा. तो मोज.”

त्याने कानात बोळे घातले आणि बाबांच्या घोट्यावर तळहात ठेवला. पाट आत गेला. बोगद्याबाहेर बाबांचे फक्त पाय दिसत होते आणि त्यावर तो हात.

टकटक सुरू झाली. रेघ थरथरली, मोनालीने ओठ चावला. रेघ पुन्हा थरथरली, थोडी कमी. मग छपरावर सळ्या ओतल्या जाऊ लागल्या आणि रेघ हळूहळू खाली बसली, वाऱ्याने फुगलेली चादर दोरीवर निवांत व्हावी तशी. मोनालीने मॅडमचा हात कधी धरला तिला कळलं नाही. मॅडमनीही तो सोडवून घेतला नाही.

आवाज थांबला. “आ गया,” मॅडम म्हणाल्या. “बहुत साफ आया.”

बाबा उठून बसले आणि कुणाकडेही न पाहता पायातल्या स्लिपर शोधू लागले. काकाने त्या पायानेच सरकवून त्यांच्यापुढे केल्या.

मॅडम काकाजवळ आल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण त्यांनी शाळेतल्या मुलीसारखं विचारलं.

“भैया, ये आपने सीखा कहाँ?”

“सीखा नहीं मैडम. करना पड़ता है.”

“कब?”

काकाला प्रश्न कळला नाही. तो मॅडमकडे, मग मोनालीकडे बघत राहिला, जणू कुणी विचारलं असावं की श्वास कधी घेता.

“अभी भी,” तो म्हणाला.

मॅडमनी हातातलं पेन खिशात ठेवून दिलं. मोनालीला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. काका समोर बसलेला असतानाही ते उतू जायचं आणि ती ओरडायची, काका, तू दिवसभर रिकामा बसतो, एवढंही होत नाही? तिने पुढे होऊन ट्रे उचलला, पट्टा आणि घड्याळ काकाच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी.

“ड्युटी झाली ना माही?” काकाने विचारलं.

“झाली,” ती म्हणाली. तिला अजून बरंच काही बोलायचं होतं. नेहमी बोलायची. या वेळी एवढंच आलं.

परत जाताना ऑटोत काका मध्ये बसला, एका बाजूला बाबा, दुसरीकडे मोनाली.  कोण्या काळी कुठल्याशा डॉक्टरने सांगितलं होतं, त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांचा विषय वाढवू नका. बाबांनी तो घराचा कायदा करून टाकला होता. मोनालीच्या जन्मापासून तरी तो कुणी मोडला नव्हता.

पुरानी बस्तीत, घराकडे वळायचा चौक जवळ आला. बाबांनी घसा खाकरला.

“धम्मा.”

“हव.”

“आता... आता बोलून राहिले का ते?”

काकाने मान वळवली नाही. समोरच्या सीटचं फाटकं रेक्झिन तो बोटाने दाबत राहिला.

“हव.”

“काय म्हणते?”

मोनालीने श्वास रोखला.  काका हसल्यासारखं करून म्हणाला, “लंबं आहे, दादा. सांगेपर्यंत घर येऊन जाईन.”

बाबांनी बाहेर पाहिलं. वळण अगदी समोर होतं. ते पुढे झुकले आणि ऑटोवाल्याच्या खांद्याला हात लावला.

“भैया, इधर से मत मुड़ो. सदर बाज़ार से घुमा के ले लो.”

“सदर से? इस टाइम?” ऑटोवाल्याने आरशात पाहिलं. “जाम में फँसेंगे, साहब.”

“हव, मालूम है,” बाबा म्हणाले, आणि मागे टेकून काकाकडे वळून बसले.