रिकाम्या कंसाचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. पण कोणत्या राज्याचा, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. माझी मूठ लाकडाची आणि तळवा रबराचा. तळव्यावर कॉलेजच्या ग्रंथालयाचे नाव उलटे कोरलेले आहे. कागदावर ते सरळ उमटते म्हणे. मी तेव्हा पालथा पडलेला असतो. मला कसे दिसणार?

रायपूरच्या एका शिक्केवाल्याने मला घडवले. अक्षरांची वरची बाजू हाताला कळावी म्हणून त्याने मुठीत पितळेचा खिळा ठोकला. नावाच्या शेवटी कंस काढून त्यात मध्य प्रदेशचे 'म.प्र.' कोरले. वर्ष सरले नाही तोच छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. रायपूर राजधानी झाली, फटाके फुटले, आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्य यशवंतरावांनी ब्लेडने माझे 'म.प्र.' खरवडून टाकले. कंस राहिला, आत काहीच नाही. मी तर त्याच टेबलावर होतो. मग गेले कोण आणि आले कोण?

बीरगांवच्या त्या लहान कॉलेजच्या ग्रंथालयात तेव्हा चार रिकामी कपाटे होती. मान्यतेसाठी तपासणीचे पथक यायचे होते आणि दोन हजार पुस्तके हवी होती. ग्रंथपाल विनोदिनीताईंनी आपल्या चौबे कॉलोनीत दारोदार फिरून पुस्तके मागितली. सायकलरिक्षातून पोती येऊ लागली. ती उतरवणे, पुस्तके पुसणे, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात लावणे आणि शिक्का मारणे हे तुळशीरामचे काम. पन्नाशीचा माणूस. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात भट्टीपुढे दहा वर्षे तापला, छाती बिघडली, म्हणून इथे शिपाई झाला. नोकरीत अजून कच्चाच होता, कायम झाला नव्हता.

पोत्यांतून काय काय निघे! जुनी पंचांगे, रेल्वेची वेळापत्रके. यशवंतराव म्हणत, "जाड आहे ना? मारा शिक्का!"

"सर, बंद झालेल्या गाड्यांच्या वेळा घेऊन पोरं काय करतील?" विनोदिनीताई म्हणत. "ते केमिस्ट्री मागून राहिले, अकाउंटन्सी मागून राहिले." मुले मागत ती नावे त्या वहीत टिपून ठेवत आणि ती पुस्तके मिळवण्यासाठी धडपडत. मला मात्र पंचांगाचा कागद आणि रसायनशास्त्राचा कागद सारखाच गार लागे.

शिक्का मारण्याआधी तुळशीराम दर वेळी अंगठ्याने माझा खिळा चाचपून बघे. मला वाटे, हा माझे लाड करतो.

पथक येण्याच्या आदल्या दुपारी नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. तो ओढताना मी टेबलावरून पडलो आणि खिळा निसटून कुठेतरी घरंगळला. तुळशीरामने कपाटांखाली हात घातले, झाडू फिरवला. खिळा सापडेना. त्याने मला फिरवून पाहिले, पुन्हा फिरवले. मग मन घट्ट करून मारायला सुरुवात केली. सत्तर पुस्तके झाली, तेव्हा विनोदिनीताईंनी एक उघडले.

"तुळशीरामजी, हे काय लिहिलंय, वाचा बरं."

"चश्मा घरी राहिला, दीदी."

"तुम्हाला चष्मा आहे कुठं?"

त्याने मला टेबलावर ठेवले. "मले वाचता येत नाही, दीदी. खिळ्यावर चालून राहिलं होतं. सांगितलं असतं तर ठेवलं असतं काय मले इथं?"

सगळ्या पुस्तकांत मी डोक्यावर उभा होतो. यशवंतराव आले आणि भडकले. "कमाल है! लायब्ररीत अनपढ आदमी? ती पानं फाडा आधी. अन् यांना सिलतऱ्याले परत धाडा."

"पान फाटणार नाही, सर. आणि हेही जाणार नाहीत," विनोदिनीताई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत वेळ द्या. नाही लिहिता-वाचता आलं, तर तुमचं खरं."

"बूढा तोता राम राम नहीं पढता, मॅडम."

"राम तर नावातच आहे यांच्या, सर."

दुसऱ्या दिवशी पथक आले. त्यांनी कपाटे मोजली, समोसे खाल्ले, चहा घेतला आणि गेले. एकही पुस्तक कुणी उघडले नाही. मान्यता मिळाली. मग ती पाने कुणासाठी फाडायची होती, ते मला कळले नाही.

त्यानंतर रोज दुपारी शिकवणी बसे. विनोदिनीताई माझा ठसा उमटवून दाखवत. "अक्षरं म्हणजे वाळत घातलेले कपडे. दोरी वर, कपडे खाली."

"हव! म्हणजे मी कपड्यांवर दोरी वाळत घातली होती!" तुळशीराम इतका हसला की त्याला खोकला आला. माझे डोके नेमके कोणत्या बाजूला आहे, हे मलाही त्याच दिवशी समजले.

दिवाळीच्या सुट्टीआधी यशवंतराव आले. नवा खिळा मुद्दाम बसवलेला नव्हता. तुळशीरामने मला उताणे धरले, दोरी शोधली आणि कोऱ्या कागदावर मला सरळ टेकवले.

"हे अंदाजानंही जमतं," यशवंतराव म्हणाले. "तो कंस रिकामा आहे. आपलं राज्य लिहा त्यात."

विनोदिनीताईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. तुळशीरामने पेन असे धरले, जसा भट्टीतला गज धरावा. 'छ' चे पहिले वळण झाले, दुसरे झाले, तिसऱ्यावर पेन अडले. मग पुढे सरकले. 'छ' कंस ओलांडून गेला. 'ग' तर पार बाहेरच पडला.

यशवंतरावांनी कागद उचलून पाहिला. "सगळं बाहेर गेलं की हो."

"कंसच लहान आहे, सर," तुळशीराम म्हणाला. "राज्य मोठं आहे."

यशवंतराव हसले. "उद्यापासून पक्के तुम्ही. आता तो खिळा शोधू नका."

आता नव्या शिक्क्यावर सगळी अक्षरे कोरलेली असतात. मी खणात पडून असतो. तुळशीराम निवृत्त झाला. जाण्यापूर्वी त्याने ती सत्तर पुस्तके एकेक करून काढली आणि माझ्या प्रत्येक रिकाम्या कंसाशी निळ्या शाईने 'छ.ग.' लिहिले. ठसे उलटे होते, म्हणून त्याने पुस्तके उलटी धरून लिहिले. मी कोणत्या राज्याचा, याचे मला मिळालेले उत्तर एवढेच.

मित्रांनो, त्यातले एखादे पुस्तक तुमच्या हाती आले, तर चुकलेले पान म्हणून ते फाडू नका. पुस्तक उलटे धरा आणि वाचा.